विजेच्या गिटारची ढाल

बैलगाडीचें चाक बाभळीच्या लांकडाचें असतें. परंतु रस्त्याशीं झुंजतें तें लांकूड नव्हे. लोहार तापवून चाकावर जी लोखंडी धाव चढवितो ती दगडगोट्यांचा सारा मार सोशीत असते. धाव झिजली तर ती काढून दुसरी चढवितां येते. पण लांकूडच झिजलें तर सबंध चाक मोडीत निघतें. आपण शाळेच्या नव्या पुस्तकास कागदाचें वेष्टन घालतों, त्यांतहि हेंच तत्त्व आहे. ज्या वस्तूचें रक्षण करावयाचें तिच्यापुढें दुसरी स्वस्त वस्तु उभी करावयाची व मार तिला खाऊं द्यावयाचा, ही युक्ति मनुष्यानें फार पूर्वींच शोधून काढिली. गिटार या वाद्याच्या अंगावर एक चपटी, बहुधा पांढरी अथवा काळी, पट्टी बसविलेली दिसते ती याच घराण्यांतली होय. तिला पिकगार्ड असें म्हणतात. ती मोडली अथवा हरवली असतां आपल्या हातानें नवी कशी करावी, व ती करितांना कोणता नियम कधींहि मोडूं नये, हें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

आमच्या हिंगोली जिल्ह्यास वाद्यें नवीं नाहींत. १९९९ सालच्या १ मे रोजीं परभणीपासून निराळा झालेला हा जिल्हा लहान खरा. पण येथील नरसी हें गांव संत नामदेवांचें म्हणून साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे, आणि टाळ, मृदंग व वीणा यांचा नाद येथील खेड्याखेड्यांतून घुमत आला आहे. त्या नादांत अलीकडे गिटारचा स्वर मिसळूं लागला आहे. प्रार्थनेच्या वेळीं, स्नेहसंमेलनांत, गाण्याच्या बैठकींत ती दृष्टीस पडते. वाद्य घरीं येतें, पण त्याचे सुटे भाग मिळण्याचें दुकान जवळपास नसतें. भाग मोठ्या शहरांतून मागवावा, तर तो आल्यावर बसेलच असा भरंवसा नाहीं. कारण निरनिराळ्या कारखान्यांच्या गिटारी दिसण्यांत सारख्या असल्या तरी त्यांचीं भोंकें एकमेकांशीं जुळत नाहींत. मग मुठीएवढ्या वजनाच्याहि नव्हे अशा एका पट्टीपायीं सबंध वाद्य कपाटावर धूळ खात पडतें, आणि ज्या मुलाचा हात नुकताच बसूं लागला होता त्याचा अभ्यासहि तेथेंच थांबतो. हा तोटा टाळतां येण्यासारखा आहे.

प्रथम वाद्याची रचना ध्यानांत घेऊं. सतार, तंबोरा किंवा साधी पोकळ गिटार यांचा आवाज मोठा होतो तो पोकळीवरील पातळ लांकडी पडद्यामुळें. आपल्याकडे त्या पडद्यास तबली म्हणतात. तार छेडली कीं तिचा कंप घोडीच्या वाटेनें तबलीस पोंचतो व तबली भोंवतालची हवा हालविते. विजेची गिटार बहुधा भरीव लांकडाची असते. नुसती छेडली तर तिचा आवाज शेजारीं बसलेल्यासच काय तो ऐकूं येतो. तिच्या तारा चुंबकाला ओढल्या जाणाऱ्या धातूच्या असतात, आणि त्यांच्या खालीं पिकअप नांवाची लहानशी डबी बसविलेली असते. त्या डबींत लोहचुंबक असून त्याच्या भोंवतीं केंसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे असतात. वरची तार हालली कीं चुंबकीय क्षेत्र बदलतें, आणि क्षेत्र बदललें कीं वेढ्यांत वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं जो नियम शोधून काढिला तोच हा. ती अत्यल्प वीज अँप्लिफायरमध्यें जाऊन वाढते आणि ध्वनिक्षेपकांतून पुन्हां आवाजाच्या रूपानें बाहेर पडते.

हें वाद्य वयानें फार मोठें नाहीं. अमेरिकेंत लॉस अँजेलिस येथें रिकनबॅकर यांच्या कारखान्यांतून १९३२ सालीं जी विजेची गिटार विक्रीस निघाली ती मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याची, हवाई पद्धतीची होती. तिच्या आकारावरून लोक तिला तळण्याचा तवा म्हणत. कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर यांनीं १९५० सालीं भरीव लांकडाची गिटार बाजारांत आणिली, व १९५४ सालीं स्ट्रॅटोकॅस्टर नांवाची दुसरी काढिली. आज जगांतील असंख्य गिटारी या दोहोंच्या नकला आहेत. आपल्या देशांत मुंबईच्या चित्रपटसृष्टींत व्हॅन शिप्ले यांनीं विजेची गिटार लोकप्रिय केली, आणि ब्रिजभूषण काबरा यांनीं तर गिटारवर रागसंगीत वाजविलें. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह केलेली त्यांची १९६७ सालची ध्वनिमुद्रिका अजूनहि रसिक ऐकतात. तात्पर्य, वाद्य परदेशांतून आलें तरी येथील हातांनीं तें आपलेंसें केलें आहे. जें वाजवितां येतें तें दुरुस्त करितां येऊं नये, असें कांहीं नाहीं.

आतां पिकगार्डचें काम काय तें पाहूं. गिटार वाजविणारा नखीनें तारा छेडतो. सतारीची नखी बोटावर चढविलेली असते. गिटारची नखी ही प्लॅस्टिकची एक त्रिकोणी चकती असून ती दोन बोटांत धरतात. हात जोरानें खालीं आला कीं नखीचें टोंक तारा ओलांडून लांकडास लागतें. एका दिवसांत कांहीं दिसत नाहीं. पण वर्षांमागून वर्षें हा ओरखडा पडत गेला तर रोगण जातें व पुढें लांकूडहि खणलें जातें. पोकळ गिटारीवर पट्टी बसवितांना ती पातळ व हलकी असावी लागते, कारण तबलीवर ओझें पडलें तर तिचा कंप दबतो. स्पेन देशांतील फ्लामेंको पद्धतीच्या गिटारीवर वादक बोटांनीं ठेकाहि धरतात. तेथें बहुधा पारदर्शक अशी पातळ पट्टी चिकटविलेली असते. भरीव गिटारीस कंप दबण्याचें हें भय जवळजवळ नाहीं. म्हणून तिची पट्टी जाड असून स्क्रूंनीं आवळलेली असते.

परंतु विजेच्या गिटारींत या पट्टीवर दुसरें एक काम येऊन पडलें. फेंडर यांच्या पहिल्या गिटारीवरील पट्टी केवळ ढाल होती. स्ट्रॅटोकॅस्टरमध्यें मात्र तिन्ही पिकअप, आवाज कमीजास्त करण्याच्या कळा, खटका व त्यांच्या तारा हें सर्व त्या एकाच पट्टीला टांगलेलें असतें आणि लांकडांत कोरलेल्या खळग्यावर ती झांकणासारखी बसते. अर्थात् येथें पट्टी तडकली तर नुसतें रूप बिघडत नाहीं. पिकअप खालीं सरकतात, तारांपासूनचें त्यांचें अंतर बदलतें व आवाज क्षीण होतो. १९५४ सालीं ही पट्टी एकाच थराची असून आठ स्क्रूंनीं बसविलेली असे. १९५९ सालापासून ती तीन थरांची झाली व स्क्रू अकरा झाले. स्क्रू अधिक असले म्हणजे पट्टी सपाट राहते व वांकत नाहीं, हें त्यांतील मर्म.

कारखान्यांत हजारों गिटारी एकाच मापाच्या निघतात, म्हणून तेथें पट्ट्याहि एकाच सांच्यावरून कापितां येतात. आपल्याला मात्र एकाच गिटारीसाठीं एकच पट्टी करावयाची आहे. या कामीं धडा घ्यावयाचा तो कारखान्याचा नव्हे, मिरजेच्या कारागिरांचा. सांगली जिल्ह्यांतील मिरज हें शहर सतारी व तंबोरे यांसाठीं प्रसिद्ध आहे. तेथील शिकलगार पूर्वीं शस्त्रांना धार लावीत. एकोणिसाव्या शतकांत त्यांच्यापैकीं कांहींजण वाद्यांकडे वळले. फरीदसाहेब सतारमेकर यांच्या नांवाशीं या धंद्याचा आरंभ जोडिला जातो. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. या तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूच्या शेतांत पिकतो. तो जसा वाढेल तसा वाढतो. एकासारखा दुसरा नसतो. म्हणून तबली आधीं कापून ठेवितां येत नाहीं. भोपळा कापून त्याचें तोंड जसें निघेल त्या मापानें ती घडवावी लागते. कारागीर भोपळ्याला दोष देत बसत नाहीं. भोपळ्याप्रमाणें लांकूड कापतो. आमच्या मतें पिकगार्ड करणाराचा पहिला व शेवटचा नियम हाच: पट्टी गिटारला बसवावी, गिटार पट्टीला बसवूं नये. पट्टी चुकली तर दुसरी होईल. पट्टी बसावी म्हणून वाद्यांत नवें भोंक पाडलें, तर तें कायमचें.

पट्टी कशाची करावी, याचा विचार प्रथम करावा. फार पूर्वीं शोभेच्या वस्तु कासवाच्या पाठीच्या कवचाच्या करीत. पुढें त्याची नक्कल सेल्युलॉइडमध्यें निघाली, व तपकिरी ठिपक्यांच्या ज्या पट्ट्या आजहि गिटारीवर दिसतात त्या या नकलेच्याच नकला होत. मिरजेसहि हाच पालट झाला. तंबोऱ्यावरील नक्षी एके काळीं हस्तिदंताची असे. आतां हस्तिदंताच्या व्यापारास कायद्यानें बंदी असल्यामुळें तिच्या जागीं सेल्युलॉइड व इतर कृत्रिम द्रव्यें आलीं. सेल्युलॉइड अमेरिकेंत जॉन वेस्ली हायट यानें १८७० च्या सुमारास पुढें आणिलें. तें दिसण्यांत सुरेख, पण भारी ज्वालाग्राही असतें आणि जुनें झालें म्हणजे आक्रसतें व वांकतें. म्हणून जुनी पट्टी सेल्युलॉइडची असल्याचा संशय आला तरी तिच्याजवळ दिवा अगर तापलेली सळई नेऊं नये.

नव्या कामास ॲक्रिलिक अथवा पीव्हीसीचा पत्रा घ्यावा. नांवाच्या पाट्या व दुकानांचे फलक तयार करणारांकडे याचे तुकडे उरलेले असतात; एका पट्टीस तेवढे पुरतात. दारावरील पाट्या कोरण्यासाठीं जो पांढरा व काळा असे थर असलेला पत्रा मिळतो, तो तर गिटारच्या तीन थरांच्या पट्टीचाच भाऊबंद होय. जाडी सव्वादोन ते अडीच मिलिमीटर असावी. याहून पातळ पत्रा पिकअपच्या भारानें लवतो, व याहून जाड घेतला तर मूळचे स्क्रू आंखूड पडतात. ॲक्रिलिक चकचकीत दिसतें परंतु ठिसूळ असतें. पीव्हीसी कमी चकाकतें पण तडकत नाहीं. पहिलें काम करणारानें पीव्हीसी घ्यावें, असें आम्ही सुचवितों. शहरांत लेसर यंत्रानें पत्रा कापून देणारे आहेत. ॲक्रिलिक त्यांच्याकडून बेलाशक कापून घ्यावें, परंतु पीव्हीसी लेसरनें कदापि कापवूं नये. तें जळतांना त्यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाची विषारी वाफ निघते. ती मनुष्यास व यंत्रास दोघांसहि घातक असते.

आतां कृति. गिटारची केबल काढून ठेवावी. तारा सैल करून उतरवाव्या. जुनी पट्टी उचलण्यापूर्वीं स्क्रूंची जागा व पट्टी उलटल्यावर आंतील प्रत्येक तारेचा जोड यांचें मोबाईलवर छायाचित्र घ्यावें. कोणती तार कोठें होती हें दुसऱ्या दिवशीं आठवेल अशा भ्रमांत राहूं नये. जुनी पट्टी मोडकी असली तरी टाकूं नये. तिचे तुकडे कागदावर जुळवून चिकटवावे व भोंवतालून अणकुचीदार पेन्सिल फिरवावी. पट्टी मुळींच नसेल तर गिटारच्या अंगावर पातळ कागद ताणून बसवावा आणि त्यावरून मऊ पेन्सिलीचें शिसें आडवें घांसावें. लहान मुलें नाण्यावर कागद ठेवून त्याचा छाप उठवितात, अगदीं त्याचप्रमाणें खळग्यांच्या कडा व स्क्रूंचीं भोंकें कागदावर उमटतात.

या आकृतींत मध्यरेषा अवश्य काढावी. त्यासाठीं पहिली व सहावी अशा दोनच तारा पुन्हां चढवाव्या, आणि त्यांच्यामधील अंतराचा मध्य गळ्याच्या टोंकाशीं व घोडीशीं असा दोन ठिकाणीं कागदावर टिपावा. ते दोन बिंदु जोडणारी रेघ ही वाद्याची खरी मध्यरेषा होय. पिकअपच्या खांचा लांकडाच्या कडेवरून मोजूं नयेत, या रेघेवरून मोजाव्या; कारण पिकअपमधील चुंबक तारांच्या खालीं यावयाचे असतात, लांकडाच्या कडेशीं त्यांचें कांहींच नातें नसतें. कड हातानें घांसलेली असते, तार मात्र सरळ असते.

मोजण्यांत किती काटेकोर असावें? आमच्याच जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ दुधाळा येथें गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें २०२३ सालीं मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकीं चार किलोमीटर लांबीच्या योजिल्या आहेत. आणि अमेरिकेंतील याच जातीची वेधशाळा अशा भुजेच्या लांबींत प्रोटॉनच्या जाडीच्या दहा हजाराव्या हिश्शाएवढा फरक ओळखते. तेथें कंप मोजावयाचा व येथेंहि कंपच टिपावयाचा. पण आपणांस तेवढ्या सूक्ष्मतेची गरज नाहीं. पाव मिलिमीटरपर्यंत चूक चालते. मात्र तेवढी साधावयास पोलादी पट्टी, गुण्या व बारीक टोंकाची पेन्सिल हवी. शाळेच्या कंपासपेटींतील झिजलेली लांकडी पट्टी या कामाची नव्हे.

कागदावरून आकृति पुठ्ठ्यावर उतरवून कापावी व तो पुठ्ठा गिटारवर ठेवून पाहावा. बहुधा तो पहिल्या वेळीं बसत नाहीं. कोठें भोंक सरकलेलें असतें, कोठें गळ्याजवळची कड अडते. दुसरा पुठ्ठा घ्यावा, तिसरा घ्यावा. पुठ्ठ्यास फारशी किंमत पडत नाहीं, आणि पुठ्ठ्यांत सुधारलेली चूक पत्र्यांत शिरत नाहीं. पुठ्ठा नीट बसल्यावर त्यावरून चार मिलिमीटरच्या प्लायवुडचा सांचा करावा व त्याच्या कडा कानशीनें साफ कराव्या. हा सांचा जपून ठेवावा. त्यावर गिटारचें नांव व दिनांक लिहावा. पुढें केव्हांहि पट्टी मोडली तर मोजमापाचा सारा खटाटोप वांचतो.

पत्र्यावरील संरक्षक कागद सोलूं नये. रेघा त्याच्यावरच माराव्या. सांचा पत्र्यावर दुहेरी चिकटपट्टीनें बसवून बाह्यरेषा आंखावी. प्रथम पिकअपच्या खांचांच्या चारी कोंपऱ्यांत सामत्यानें अगर ड्रिलनें लहान भोंकें पाडावीं, व नंतर त्यांत बारीक दात्यांच्या करवतीचें पातें घालून मधला भाग कापून काढावा. याचें कारण असें कीं, आंतील कोंपरा धारदार राहिला तर सारा ताण त्या एका बिंदूवर गोळा होतो व तेथूनच पत्रा तडकतो. कोंपरा गोल असला तर ताण वांटला जातो. बाहेरची कड रेघेच्या दीड-दोन मिलिमीटर बाहेरून कापावी व उरलेलें काम कानशीनें सावकाश करावें. घाईनें चालविलेली करवत प्लॅस्टिक कापीत नाहीं, वितळविते; आणि वितळलेलें प्लॅस्टिक पात्यास चिकटून पत्रा उचलतें. डोळ्यांवर चष्मा व नाकावर रुमाल असावा. सेल्युलॉइड असो वा पीव्हीसी, त्याची भुकटी छातींत जाणें बरें नव्हे.

स्क्रूंचीं भोंकें पाडितांना पत्र्याखालीं लांकडाची फळी असावी, नाहींतर ड्रिल आरपार निघतांना खालचा पापुद्रा उडतो. स्क्रू साधारणपणें तीन मिलिमीटर जाडीचा असतो. भोंक मात्र साडेतीन मिलिमीटरचें ठेवावें. यास कारण आमच्या मराठवाड्याचें हवामान. पौषांतील पहांटे येथें पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, आणि वैशाखांत चाळिशी ओलांडतो. एक मीटर ॲक्रिलिक एका अंशास सुमारें सात शतांश मिलिमीटर वाढतें. तेव्हां तीस सेंटिमीटर लांबीची पट्टी तीस अंशांच्या फरकानें अर्ध्या मिलिमीटरहून अधिक वाढते. खालचें लांकूड तसें वाढत नाहीं. भोंकांत ही वाढ सामावण्यास जागा नसेल तर पट्टी एकतर मध्यें फुगते किंवा स्क्रूजवळ तडकते. रेल्वेच्या रुळांत पूर्वीं फट ठेवीत, ती याचसाठीं. कळांचीं भोंकें मात्र अंदाजानें पाडूं नयेत; प्रत्येक कळेचा दांडा मोजून तेवढेंच भोंक करावें, कारण निरनिराळ्या कारखान्यांचे दांडे निरनिराळ्या जाडीचे असतात.

मग पट्टीची वरची कड पंचेचाळीस अंशांत उतरती घांसावी. कानस एकाच दिशेनें व एकाच कोनांत चालली तर तीन थरांच्या पत्र्यांत पांढऱ्यामध्यें काळी रेघ सर्वत्र सारख्या रुंदीची उमटते. हात कोठें चुकला तें ही रेघच सांगते. शेवटीं बारीक, मग अधिक बारीक अशा कांचकागदानें पाणी लावून घांसलें म्हणजे कड हातास मऊ लागते. ही उतरती कड नुसत्या शोभेची नव्हे. वाजविणाराचें मनगट तिच्यावरून दिवसभर फिरत असतें.

खालच्या अंगास ॲल्युमिनियमची पातळ चकचकीत कागदी पन्नी चिकटवावी. घरांतील विजेचा प्रवाह सेकंदास पन्नास वेळां आंदोलन पावतो. त्याचा घूं घूं आवाज गिटारच्या तारांतून शिरूं पाहतो. अर्थिंगच्या तारेशीं जोडलेली पन्नी त्यास बरेंच अडविते. पन्नीचा स्पर्श इतर कोणत्याहि जोडास होतां कामा नये, नाहींतर वाद्य मुकें होईल. तारांचे जोड सोल्डर करणें असल्यास तें जाणत्या मनुष्याच्या देखरेखीखालीं करावें. आणखी एक गोष्ट आम्ही आवर्जून सांगतों. गिटारच्या तारा अर्थिंगशीं जोडलेल्या असतात व वादकाचा हात सदैव त्यांच्यावर असतो. म्हणून अँप्लिफायरचा प्लग तीन पिनांचाच असावा, आणि ज्या भिंतींतील अर्थिंग चालू असल्याची खात्री नाहीं तेथें तो लावूं नये. पट्टी पुन्हां करितां येते, मनुष्य नाहीं.

बसवितांना घाई नसावी. स्क्रू जुन्या भोंकांत घालून आधीं उलट फिरवावा. एका ठिकाणीं तो किंचित् खालीं बसल्यासारखा वाटतो. त्याचे आटे लांकडांतील जुन्या आट्यांवर आले, असें तेव्हां समजावें व मग सुलट आवळावा. असें न केल्यास स्क्रू प्रत्येक वेळीं नवे आटे पाडतो व भोंक रुंदावत जातें. भोंक आधींच सैल झालें असेल तर बांबूची बारीक काडी सरस लावून त्यांत बसवावी, ती वाळल्यावर कापून सपाट करावी, आणि त्यांत स्क्रू बसवावा. शेजारीं दुसरें भोंक पाडूं नये. सर्व स्क्रू प्रथम अर्धे घालून नंतर थोडे थोडे आवळावे. स्क्रूचें डोकें पट्टीस टेंकलें कीं थांबावें. त्यापुढचा जोर पट्टी धरीत नाहीं, फोडतो. एखादें भोंक केंसभर चुकलेंच तर पट्टीचें भोंक कानशीनें रुंद करावें, लांकडास हात लावूं नये. संरक्षक कागद सर्वांत शेवटीं सोलावा. त्यानंतर कांहीं वेळ बोट लागतांच तडतड आवाज आला तर भिऊं नये. सोलतांना घर्षणानें जी वीज सांचली ती ओलसर फडक्यानें पुसली असतां जाते.

अशी पट्टी पहिल्या खेपेस कारखान्याच्या पट्टीइतकी गुळगुळीत होईलच असें नाहीं. तिला एका शनिवार-रविवारची मेहनत लागते व हातास दोनचार ओरखडेहि पडतात. परंतु ती त्या एका गिटारीच्या मापाची असते, दुसऱ्या कोणत्याहि गिटारीच्या नव्हे. आणि ती बसवून वाद्याचें कांहींहि बिघडलेलें नसतें. उद्यां कोणास मूळची पट्टी मिळाली तर तीच जुनीं भोंकें, तेच जुने स्क्रू तिच्यासाठीं तयार असतात. दुरुस्तीची खरी परीक्षा आम्हांस ही वाटते: आपण केलेलें काम काढून घेतलें असतां मूळची वस्तु जशीच्या तशी उरली पाहिजे. धाव बदलली जाते, पुस्तकाचें वेष्टन बदललें जातें; त्यांनीं बदलावें म्हणूनच तीं असतात. नखीचे ओरखडे या नव्या पट्टीवर खुशाल पडूं द्यावे. ती त्यासाठींच केलेली आहे. सांचा भिंतीवर टांगलेला असला म्हणजे झालें.